जुन्या पीएचपी सिस्टीमला लारावेल जोडायचंय (टॉवेल कारखाना, सोलापूर)

विजापूररोड · सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या काही टॉवेल कारखान्यांत चालणारी एक सिस्टीम माझ्याकडे सांभाळायला आली आहे. साध्या पीएचपीत (वेबसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा) लिहिलेली, फ्रेमवर्क (तयार सांगाडा) कुठलंच नाही. पीएचपी ५.६, मायएसक्यूएल डेटाबेस, त्याच्याशी बोलायला तीच जुनी फंक्शनं, आणि प्रत्येक स्क्रीनची एक फाइल: सूत आवक, बीम, उत्पादन, मजुरी, चालान, बिल. फाइलच्या वरच्या भागात क्वेऱ्या, खालच्या भागात एचटीएमएल. ज्यांनी लिहिली ते आता या कामात नाहीत. पण हिशोब चोख आहे. मजुरीचा आकडा स्क्रीनवर जो येतो तोच पाकिटात जातो, त्यावर कधी वाद होत नाही. कारखानदारांचा हा विश्वास मला जपायचाय.

आता गरज अशी आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस (बिल सरकारी जीएसटी पोर्टलवर नोंदवणं) सक्तीचं झालं. माझ्याकडचे दोन-तीन कारखाने त्यात बसतात आणि सध्या प्रत्येक बिल हाताने पोर्टलवर चढवतात. शिवाय मालकांना पाळीचं उत्पादन मोबाइलवर बघायचंय. आणि पीएचपी ५.६ चे सुरक्षा-अपडेट २०१८ अखेरच बंद झालेत, तेही डोक्यात आहेच.

लारावेल, म्हणजे पीएचपीचं तयार फ्रेमवर्क, घ्यायचं मी जवळजवळ ठरवलंय. प्रश्न एवढाच की ते जुन्याच फोल्डरमध्ये घालू, की शेजारी उभं करू? कारखान्याचं ऑफिस एक दिवसही बंद ठेवता येणार नाही. सर्व्हर म्हणजे ऑफिसातला विंडोज पीसी, त्यावर झॅम्प (अपाचे वेबसर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज). ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

सातरस्ता · सोमवार, रात्री १०:३५

चांगला धागा काढलात. माझं स्पष्ट मत: शेजारी. आत अजिबात घालू नका.

एकदा लारावेल आत घेतलं की ब्राउझरकडून आलेली प्रत्येक विनंती ते स्वतःच्या हातात घेतं. पत्ते कसे जुळवायचे, सेशन (कोण लॉगिन आहे याची नोंद) कुठे ठेवायचं, चूक झाली तर काय दाखवायचं, सगळं त्याच्या पद्धतीने. तुमच्या जुन्या फाइली हे सगळं आपापलं करतात. दोघांना एका प्रोसेसमध्ये कोंबलं तर रोज नवं भांडण. एक उदाहरण देतो. जुन्या कोडमध्ये 'रिडायरेक्ट' नावाचं एखादं फंक्शन असणारच, सगळ्यांच्याच असतं. लारावेलचंही त्याच नावाचं आहे. लारावेल स्वतःचं जाहीर करण्याआधी 'हे नाव आधीच आहे का' एवढं बघतं. म्हणजे तुमची फाइल आधी चढली तर लारावेल गुपचूप तुमचं फंक्शन वापरतं आणि भलतीकडेच बिघडतं. तुमची नंतर चढली तर पीएचपी तिथेच थांबतं. 'सेशन', 'व्ह्यू', 'कॉन्फिग', 'ओल्ड' या नावांचंही हेच.

शेजारी ठेवायची पद्धत जुनी आणि पारखलेली आहे. सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्येच ती लिहून ठेवली: एकेक काम नव्याकडे न्यायचं, जुनं तोवर चालू, आणि शेवटी जुन्यात काही उरलं नाही की ते काढायचं.

मात्र एक नियम भिंतीवर लिहून ठेवा. एका टेबलात लिहिणारा एकच. ज्या टेबलात जुनी सिस्टीम लिहिते ते लारावेलने फक्त वाचायचं. लारावेल त्यात लिहायला लागलं त्या दिवशी जुन्याची ती स्क्रीन बंद. हा नियम पाळलात तर बाकीच्या चुका दुरुस्त होतात. मोडलात तर कुठला आकडा खरा हे कुणालाच सांगता येणार नाही.

होटगीरोड · सोमवार, रात्री ११:१०

सातरस्ता सरांच्या नियमाला +१. पण लारावेल हवंच कशाला, हा माझा प्रश्न आहे.

ई-इनव्हॉइस म्हणजे काय? बिलाची माहिती जेसनमध्ये (माहिती पाठवायचा ठरलेला साचा) बांधायची, पाठवायची, आलेला आयआरएन (बिलाचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर जपायचा. त्यासाठी कंपोझर (पीएचपीच्या लायब्ररी आणून जोडणारं साधन) आणि एखादी एचटीटीपी लायब्ररी पुरते. डेटाबेसचं लारावेलचं अंग आवडत असेल तर एलोक्वेंट सुटंही वापरता येतं, अख्खं फ्रेमवर्क घ्यावं लागत नाही. एक माणूस सांभाळणारा असताना जेवढं कमी आणाल तेवढं बरं. लारावेलची मोठी आवृत्ती दर वर्षी येते, सुरक्षा-दुरुस्त्या प्रत्येकीला दोन वर्षं मिळतात. म्हणजे दर दोन वर्षांनी अपग्रेड हे काम तुमच्या गळ्यात कायमचं पडलं. कारखानदार त्याचे पैसे देणार आहे का, हे आधी विचारा.

विजापूररोड · मंगळवार, सकाळी ८:०५

होटगीरोड सर, मुद्दा पटतो. पण मला तीन गोष्टी लागणारच आहेत: इंटरनेट नसेल तेव्हा काम रांगेत थांबवणं, लॉगिन आणि अधिकार, आणि मोबाइलच्या स्क्रीन दोन भाषांत. पूर्व भागातले आमचे मुकादम तेलुगूभाषक आहेत. त्यांना तेलुगूत दिसलं तर ते स्वतः नोंद करतील, नाहीतर कुणाला तरी विचारत बसतात. लारावेलमध्ये भाषांच्या फाइली वेगळ्या ठेवता येतात, मराठी आणि तेलुगू शेजारीशेजारी. हे सगळं सुटं सुटं जुळवत बसलो तर शेवटी माझंच एक अर्धवट फ्रेमवर्क तयार होईल. माझ्यानंतर येणाऱ्याला ते कोण समजावणार? लारावेल शिकलेली मुलं सोलापुरात मिळतात.

अपग्रेडच्या पैशांचं वार्षिक करारात घालतो. हे सुचवलंत ते बरं झालं.

होटगीरोड · मंगळवार, सकाळी ८:४०

रांग, अधिकार आणि भाषा तिन्ही हवं असेल तर माझा आक्षेप मागे. घ्या लारावेल. फक्त पीएचपी ५.६ वर चालतं म्हणून लारावेल ५.४ घेऊ नका. ती २०१७ ची आवृत्ती. आजच जुनी झालेली वस्तू नवी म्हणून बसवण्यात अर्थ नाही.

जुळेसोलापूर · मंगळवार, दुपारी १:१५

आवृत्त्यांचं गणित मी मांडते, दुसऱ्या शहरातल्या एका अशाच कामात हे सगळं केलंय.

लारावेल १२ ला पीएचपी ८.२ लागतं. जुनी सिस्टीम ५.६ वर. विंडोजवर एका अपाचेत पीएचपीचं मॉड्यूल एकच बसतं. म्हणून सरळ दोन अपाचे चालवा: नवा पोर्ट ८० वर, जुना पोर्ट ८०८१ वर. सगळी माणसं ८० वरच येतील. लारावेलला पत्ता ओळखीचा असेल तर ते उत्तर देईल, नसेल तर विनंती तशीच जुन्याकडे वळवायची. ऑफिसातल्या लोकांना काही बदललंय हे कळणारही नाही. पुढे एकेक स्क्रीन नव्यात आली की तिचा पत्ता लारावेलमध्ये जोडायचा.

डेटाबेस मात्र एकच, आणि इथे जरा जपून. लारावेल १२ ला मायएसक्यूएल ५.७ किंवा मारियाडीबी (मायएसक्यूएलचंच भावंड) १०.३ तरी हवं. म्हणून कुणी थेट मायएसक्यूएल ८ टाकतं आणि जुनी सिस्टीम जोडलीच जात नाही, कारण ८ ची पासवर्ड तपासायची पद्धत आणि कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) पीएचपी ५.६ ला समजत नाहीत. मारियाडीबी १०.११ घ्या, दोघांचंही भागतं.

लॉगिनचं: कुकी (ब्राउझरने जपलेली ओळखीची खूण) पोर्ट बघत नाही, होस्टचं नाव बघते. त्यामुळे ८० आणि ८०८१ ला एकच कुकी मिळते. पण मुनीम स्वतःच्या पीसीवर 'लोकलहोस्ट' टाकतात आणि बाकीचे आयपी टाकतात, हे सगळीकडे असतं. सगळ्यांना एकच नाव द्या. दुसरं, लारावेल स्वतःच्या कुकी एन्क्रिप्ट करतं आणि बाहेरून आलेली साधी कुकी उघडता आली नाही की ती रिकामी समजतं. जुन्या सिस्टीमची कुकी अपवादांच्या यादीत टाका, नाहीतर माणूस लॉगिन असूनही लारावेल त्याला ओळखणार नाही.

मी असं केलं होतं: जुन्या लॉगिन फाइलमध्ये एवढंच वाढवलं की लॉगिन झालं की एक लांब यादृच्छिक टोकन टेबलात आणि कुकीत ठेवायचं. लारावेल ते टोकन बघून माणूस ओळखतं. दोघांचे सेशन एकमेकांत मिसळायची गरज पडली नाही.

विजापूररोड · मंगळवार, दुपारी १:५०

जुळेसोलापूर ताई, खूप आभार, हेच शोधत होतो. पासवर्ड एमडी५ या जुन्या, कमकुवत पद्धतीने साठवलेले आहेत. ते बदलायचे का याच वेळी?

जुळेसोलापूर · मंगळवार, दुपारी २:२०

बदला, पण सगळ्यांना नवा पासवर्ड द्यायला लावू नका. माणूस लॉगिन करेल तेव्हा जुन्या एमडी५ शी ताडून बघा, जुळला तर त्याच क्षणी बीक्रिप्टमध्ये (मजबूत पद्धत) करून ठेवा. ५.६ मध्येही ते फंक्शन आहे.

त्याआधी पासवर्डच्या कॉलमची लांबी बघा. एमडी५ ३२ अक्षरांचा, म्हणून कॉलम ३२ चा असणार. बीक्रिप्ट ६० अक्षरांचा. जुन्या जोडणीत डेटाबेस उरलेली २८ अक्षरं कापून टाकतो आणि एरर देत नाही. माणूस एकदा आत जातो आणि दुसऱ्या दिवशी बाहेर. कॉलम २५५ चा करा, मगच हात लावा.

नवीपेठ · मंगळवार, रात्री ९:००

मराठीतल्या डेटाचं कुणी बोललं नाही. माझ्या मते सगळ्यात आधी तेच बघायला हवं.

जुन्या पीएचपी सिस्टीममध्ये बहुतेक टेबलं लॅटिन१ ची (युरोपी अक्षरांचा जुना कॅरेक्टर सेट) असतात. पान यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या भाषांचा कॅरेक्टर सेट), जोडणी लॅटिन१ मध्ये, टेबल लॅटिन१ मध्ये. मराठी बाइट जसेच्या तसे आत जातात, तसेच बाहेर येतात, स्क्रीनवर नाव नीट दिसतं. वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. मग लारावेल येतं. त्याची जोडणी यूटीएफ८एमबी४ ची, म्हणजे डेटाबेसमधलं पूर्ण यूटीएफ-८. डेटाबेस म्हणतो, हे लॅटिन१ आहे ना, थांबा, बदलून देतो. आणि कामगाराच्या नावाच्या जागी टिंबं-टोपीवाली युरोपी अक्षरं येतात.

तपासायची पद्धत सोपी आहे. 'म' ने सुरू होणारं एक नाव घ्या आणि त्याचे हेक्स बाइट काढा. सुरुवात ई० ए४ एई अशी असेल तर बाइट बरोबर आहेत, फक्त टेबलावरची पाटी चुकीची. कॉलम आधी बायनरी करा, मग यूटीएफ८एमबी४. सरळ बदललंत तर डेटाबेस परत रूपांतर करेल आणि सगळं दुहेरी बिघडेल. सुरुवात सी३ ए० सी२ ए४ सी२ एई अशी दिसली तर कुणीतरी आधीच ते करून ठेवलंय. तेही परत फिरवता येतं, पण ओळीओळीने तपासून. आणि त्याच दिवशी जुन्या सिस्टीमच्या जोडणीतही कॅरेक्टर सेट बदला, दोन्ही एकत्र.

आता खरी गोम. लॅटिन१ च्या टेबलात २० लांबीचा कॉलम म्हणजे २० बाइट. मराठीचं एक चिन्ह ३ बाइटचं. 'सिद्धेश्वर' लिहायला स, वेलांटी, द, हलन्त असं मोजत गेलं तर १० चिन्हं होतात, म्हणजे ३० बाइट. आपल्या गावात हे नाव घरोघरी. २० च्या कॉलमात ते सहा चिन्हांनंतर सातव्याच्या मधोमध तुटतं, आणि तुटलेला बाइट शेवटी लोंबकळत राहतो. रूपांतर करताना तीच ओळ अडते. अशा ओळी आधी शोधून काढा आणि नावं हाजरीच्या वहीवरून दुरुस्त करा.

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर निघाला तर तो प्रकारच वेगळा. तिथे अक्षरांचा नकाशा घेऊन बदलावं लागतं.

अवांतर: यूटीएफ८एमबी४ केल्यावर जुन्या मायएसक्यूएलवर २५५ लांबीच्या कॉलमचा इंडेक्स (शोधासाठीची सूची) बसत नाही, १९१ पर्यंतच बसतो, कारण मर्यादा ७६७ बाइटची आणि एका चिन्हाला ४ धरतात. मारियाडीबी १०.११ वर सहसा ही अडचण येत नाही.

विजापूररोड · मंगळवार, रात्री १०:२५

लगेच तपासलं. एका कारखान्यात ई० ए४ एई आहे, दुसऱ्यात काही टेबलं तशी आणि काही दुहेरी. कामगारांच्या नावाचा कॉलम २५ चा, तुटलेली नावं सापडली. नवीपेठ सर, हे कळलं नसतं तर मी लारावेललाच दोष देत बसलो असतो. वाचनखूण साठवली.

सातरस्ता · मंगळवार, रात्री ११:००

नवीपेठ यांचा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा.

डेटाबेसकडे वळलोच आहोत तर अजून तीन जागा.

पहिली, टेबलं मायआयसॅम (मायएसक्यूएलचा जुना साठवण प्रकार) आहेत का बघा. असतील तर लारावेलमध्ये ट्रान्झॅक्शन (लिहिलं तर सगळं, नाहीतर काहीच नाही) लिहिलंत तरी ते खोटं आहे. कोड चालतो, एरर येत नाही, पण मध्येच तुटलं तर अर्धं लिहिलेलं तसंच राहतं. मजुरीसारख्या हिशोबात हे परवडत नाही. आणि एमआयडीसीत लाइट गेली की मायआयसॅम टेबल 'क्रॅश्ड' म्हणून बसतं, दुरुस्त करावं लागतं, हे तुम्ही पाहिलंच असेल. इनोडीबी (ट्रान्झॅक्शन पाळणारा प्रकार) करा. लारावेल असो-नसो, हे करा.

दुसरी, लारावेलची जोडणी आपणहून कडक मोडमध्ये असते. जुनी सिस्टीम कॉलम रिकामे सोडते, तारखेच्या जागी शून्यांची तारीख टाकते, गटवारीच्या क्वेरीत गटात नसलेले नाव, पाळी असे कॉलमही उचलते. हे सगळं कडक मोडमध्ये अडतं. लोक कंटाळून तो मोड बंद करतात. करू नका. जुनी जोडणी ढिली, नवी कडक, असंच राहू द्या. फक्त शून्यांच्या तारखा आधी रिकाम्या करून घ्या, नाहीतर लारावेलचं तारखेचं अंग त्या वाचून इसवी सनाच्या आधीचा ३० नोव्हेंबर दाखवतं. आणि रिकाम्या करण्याआधी जुन्या कोडमध्ये त्या शून्यांशी तुलना कुठे आहे ते शोधा. 'बीम अजून उतरला नाही' हे कुणीतरी त्यावरूनच ओळखत असेल.

तिसरी, एलोक्वेंट गृहीत धरतं की प्रत्येक टेबलाला 'आयडी' नावाची किल्ली आहे आणि तयार केल्याची, बदलल्याची वेळ ठेवणारे दोन कॉलम आहेत. तुमच्याकडे नसणार. मॉडेलमध्ये टेबलाचं नाव, किल्लीचं नाव लिहा, वेळेचे कॉलम नकोत म्हणून सांगा. जुनी टेबलं लारावेलला आवडतील अशी बदलायला जाऊ नका.

पूर्वभाग · बुधवार, सकाळी ७:३०

मी प्रोग्रॅमर नाही. टॉवेल कारखान्याचं ऑफिस सांभाळते, बिलं आणि मजुरी माझ्याकडे. अशीच जुनी सिस्टीम रोज वापरते म्हणून लिहिते.

आमच्या चालानाच्या स्क्रीनवर माऊस लागत नाही. पार्टीचा कोड, एन्टर, मालाचा कोड, एन्टर, डझन, एन्टर, वजन, एन्टर, आणि शेवटच्या ओळीवर रिकामा एन्टर मारला की सेव्ह. गाडी गेटवर उभी असते, हमाल गठ्ठे मोजून ओरडतात आणि माझी बोटं स्क्रीनकडे न बघता चालतात. मागे एका ठिकाणी नवी सिस्टीम आणली. दिसायला छान होती. एन्टर मारला की फॉर्म थेट सबमिट व्हायचा, अर्धवट चालान. यादीतून नाव निवडायला माऊस. शेवटी बायकांनी चालान हाताने लिहायला सुरुवात केली आणि संध्याकाळी संगणकात चढवायचं. कामच दुप्पट झालं.

माझे वडील जॉबर (माग लावणारे, दुरुस्त करणारे) होते. जुन्या मागावर जकार्ड (नक्षी विणायचं यंत्र) चढवताना ते आधी विणकराला विचारायचे, तुझा हात कुठे जातो, पाय कुठे असतो. वरचा सांगाडा नवा, पण खाली उभ्या माणसाची जागा हलवायची नाही. तुम्हीही चालानाची स्क्रीन नव्यात नेणार असाल तर आधी आमच्यासारखीच्या शेजारी अर्धा दिवस बसा.

आणि मजुरीची स्क्रीन शनिवारी बदलू नका. आमच्याकडे शनिवारी वाटप असतं.

विजापूररोड · बुधवार, सकाळी ८:१०

ताई, तुमचा प्रतिसाद ऑफिसातल्या मुलांना वाचून दाखवला. चालान आणि मजुरीला सध्या हात लावत नाही. सुरुवात ई-इनव्हॉइसपासूनच, कारण ते काम जुन्यात नाहीच. जुनं काही बंद करावं लागणार नाही.

पण सातरस्ता सर, इथे तुमचा नियम अडतो. बिलाच्या टेबलात जुनी सिस्टीम लिहिते. आयआरएन तर बिलावरच लागेल ना?

सातरस्ता · बुधवार, सकाळी ९:३०

नाही अडत. ई-इनव्हॉइसचं वेगळं टेबल करा, मालक लारावेल. त्यात बिलाची किल्ली, आयआरएन, पोचक्रमांक, तारीख, क्यूआरचा मजकूर, स्थिती. जुनी छपाईची फाइल हे टेबल फक्त वाचेल. बिलाचं टेबल आहे तसंच राहतं.

पण जुन्या सिस्टीममध्ये एक बदल करावाच लागेल, तो टाळू नका: ज्या बिलाचा आयआरएन निघालाय ते बिल बदलता किंवा पुसता येता कामा नये. जुन्या स्क्रीनला याची काही कल्पनाच नाही. मुनीम दर सुधारतील, सेव्ह करतील, आणि सरकारकडे एक रक्कम, तुमच्याकडे दुसरी. आयआरएन रद्द करायची मुदत २४ तास. त्यानंतर क्रेडिट नोटच. आणि रद्द केलेल्या बिलाच्या क्रमांकावर परत आयआरएन मिळत नाही.

क्रमांकाचंही बघा. जुनी सिस्टीम शेवटचा क्रमांक वाचून त्यात एक मिळवत असेल. दोन माणसांनी एकाच वेळी सेव्ह केलं तर एकच क्रमांक दोनदा. आतापर्यंत वही बघून निस्तरलं असेल. आता पोर्टल दुसरं बिल परत पाठवेल. बिल क्रमांकाला आर्थिक वर्षासह युनिक इंडेक्स (दुहेरी नोंद नाकारणारा) लावा. नियमाप्रमाणे क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि वर्षात न दुहेरता. लांबलचक उपसर्ग लावायची सवय असेल तर तीही मोजा.

जुळेसोलापूर · बुधवार, दुपारी १२:४५

रांगेबद्दल थोडं, कारण विंडोजवर इथे लोक अडकतात.

होरायझन (लारावेलचं रांग सांभाळायचं साधन) विसरा, ते विंडोजवर चालत नाही. त्याला लागणारं पीएचपीचं पीसीएनटीएल हे जोडअंग फक्त लिनक्सवर्गीय सिस्टीमवर असतं. रांग डेटाबेसमध्येच ठेवा, कारखान्याला तेवढं पुरतं. वर्कर (रांगेतली कामं करणारा प्रोग्रॅम) विंडोज सर्व्हिस म्हणून चालवा, एनएसएसएम या छोट्या प्रोग्रॅमने ते होतं, म्हणजे लाइट येऊन पीसी चालू झाला की कुणी लॉगिन न करताही तो उठतो. काळी खिडकी उघडी ठेवून वर्कर चालवलात तर संध्याकाळी कुणीतरी ती बंद करणार. नवा कोड टाकला की वर्करला परत सुरू व्हायला सांगा. तो जुना कोड स्मृतीत धरून बसतो.

पुन्हा प्रयत्न करताना एक बारकावा. तुम्ही बिल पाठवलं, तिकडे आयआरएन तयार झाला, आणि उत्तर येण्याआधी नेट तुटलं. रांग पाच मिनिटांनी परत पाठवते आणि पोर्टल म्हणतं, डुप्लिकेट. आयआरएन हा पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, प्रकार आणि आर्थिक वर्ष यांवरूनच बनतो, त्यामुळे तेच बिल दुसऱ्यांदा नव्याने निघणार नाही. डुप्लिकेटला अपयश समजू नका. तो आयआरएन मागवून घ्या आणि काम पूर्ण झालं म्हणून नोंदवा. कोडमध्ये हे लिहिलं नाही तर मुनीम लाल खूण बघून नवं बिल बनवतात.

१० कोटींवरच्यांना १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत नोंद करावी लागते. तेव्हा रांगेत अडकलेली कामं रोज सकाळी पहिल्या स्क्रीनवर दिसली पाहिजेत.

आणि ज्या मध्यस्थ कंपनीमार्फत तुम्ही पोर्टलशी बोलणार, तिचा कोड लारावेलभर पसरू देऊ नका. स्वतःचा एक वर्ग ठेवा: बिल द्या, आयआरएन घ्या, रद्द करा. आत काय आहे ते फक्त त्यालाच माहीत. दर वाढले की कंपनी बदलावी लागते, तेव्हा एकच फाइल हलेल.

होटगीरोड · बुधवार, दुपारी ३:००

यात माझी भर: कारखान्याच्या पीसीवर कंपोझर चालवू नका. नेट अर्ध्यात गेलं की व्हेंडर (लायब्ररींचं) फोल्डर अर्धवट राहतं आणि सिस्टीम बंद. घरी बांधा, लॉक फाइलप्रमाणे (ठरलेल्या आवृत्त्यांची यादी) सगळं एका फोल्डरमध्ये, तारीख टाकून. नवं फोल्डर शेजारी ठेवा, अपाचेचा रस्ता नव्याकडे वळवा, बिघडलं तर परत जुन्याकडे. आणि वेबला फक्त पब्लिक फोल्डर दिसू द्या. अख्खं लारावेल एचटीडॉक्समध्ये (वेबला उघडं असणारं फोल्डर) टाकून दिलेलं मी पाहिलंय, डेटाबेसचा पासवर्ड ब्राउझरमध्ये उघडत होता.

नवीपेठ · बुधवार, रात्री ८:३०

जुनी सिस्टीम कायम ५.६ वरच ठेवणार का? कधी तरी ८ वर आणावीच लागेल.

विजापूररोड · बुधवार, रात्री ९:१०

आणायचीय, पण सगळी नाही. ज्या स्क्रीन लारावेलमध्ये जाणार त्या दुरुस्त करण्यात वेळ घालवत नाही. मजुरी बराच काळ जुन्यातच राहील, तेवढी ८ वर नेईन. डेटाबेसची जुनी फंक्शनं पीएचपी ७ मध्येच काढून टाकली आहेत, त्यांच्या जागी एक पातळ आवरण लिहिलं की भागेल. रेक्टर (जुना पीएचपी कोड आपोआप नव्यात बदलणारं साधन) चालवून बाकीचं बरंचसं यंत्रानेच बदलता येईल.

नवीपेठ · बुधवार, रात्री ९:३५

रेक्टर ठीक आहे, पण मजुरीसाठी त्याच्यावर विसंबू नका. पीएचपी ८ मध्ये शून्य आणि रिकामं यांची तुलना बदलली. आधी शून्य आणि रिकामी अक्षरमाला दोन बरोबरच्या खुणांच्या साध्या तुलनेत समान निघायचे, आता निघत नाहीत. 'दर रिकामा असेल तर मागचा दर घे' अशी ओळ मजुरीत असणारच, आणि तिथे आकडेमोडीतून आलेला अंकी शून्य येत असेल तर उत्तर बदलेल. एरर येणार नाही, पाकिटातले पैसे बदलतील.

एक करा. मागच्या वर्षभराच्या उत्पादनाच्या नोंदी घ्या, जुन्या पीएचपीवर मजुरी काढा, नव्यावर काढा, कामगारागणिक फरक छापा. एकही रुपया इकडेतिकडे नको. फरक शून्य आला की मगच शनिवारच्या वाटपाला नवं वापरा.

पूर्वभाग · गुरुवार, सकाळी ७:४५

नवीपेठ दादा, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. कामगाराला संगणकाचं कारण सांगता येत नाही. त्याने नग मोजलेले असतात.

विजापूररोड दादा, अजून एक विचारायचं होतं. आमचं चालान डॉट मॅट्रिक्सवर निघतं, छापील कागद, तीन प्रती. जुनी सिस्टीम बटण दाबलं की सरळ छापते, ब्राउझरची खिडकी येत नाही. ई-इनव्हॉइस आलं की तेही बदलणार का?

विजापूररोड · गुरुवार, सकाळी ९:००

नाही ताई. चालान आहे तसंच, त्याच प्रिंटरवर, त्याच जुन्या फाइलमधून निघेल. ती साधा मजकूर थेट प्रिंटरला पाठवते, लारावेलचा तिथे संबंध येत नाही. फक्त टॅक्स इनव्हॉइस लेझरवर जाईल, कारण त्यावर क्यूआर लागतो आणि डॉट मॅट्रिक्सच्या रिबनवर तो स्कॅन होईलच याचा भरवसा नाही. लेझर प्रिंटर बिलाच्या टेबलाशेजारीच ठेवायला सांगतो, म्हणजे तुम्हाला उठावं लागणार नाही.

मंडळी, या आठवड्यात कामाचा क्रम असा धरतो: आधी बॅकअप आणि तो दुसऱ्या पीसीवर परत उभा करून बघणं. मग इनोडीबी, मग कॅरेक्टर सेट आणि तुटलेली नावं. लारावेल त्यानंतर. रविवारी जे मोकळे असतील त्यांनी सकाळी पार्क चौकात भेटा, टेबलांची यादी घेऊन येतो. बिल क्रमांकाच्या युनिक इंडेक्सला आधीच्या वर्षांतले दुहेरी क्रमांक आड येतायत, त्यांचं काय करायचं ते समोरासमोर ठरवू.

सातरस्ता · गुरुवार, सकाळी ९:२०

येतो. जुने दुहेरी क्रमांक बदलू नका, त्यांची रिटर्न भरून झाली आहेत. चालू आर्थिक वर्षापासून वेगळं क्रमांकाचं टेबल करा आणि इंडेक्स त्यावर लावा.